ऐनावरचे लाल आकडे

सुप्रिया कोळंबे डोंगरावरून उतरली ती तरातरा, आणि वाटेत भेटलेल्या कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. किंजळवाडीत शिरताना पहिलं घर तिच्या चुलत्याचं, येसाजीकाकांचं. काका अंगणात पेंढा रचत होते. तिने पाठीवरची सॅक धाडकन ओट्यावर टाकली.

"काका, माजी झाडं कोनी तोडली?"

"कंची तुजी?" काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"नंबर टाकलेली. वरच्या उतारावरची."

"ती व्हय," काका म्हणाले आणि आणखी एक पेंढी वर फेकली. "ती आमीच तोडली."

आता काय बोलणार कपाळ? माणसाने नाही म्हटलं असतं, टाळाटाळ केली असती, तर भांडायला काही धरायला तरी मिळालं असतं. हे म्हातारबाबा असे बोलले जणू गवत कापलं का विचारलं आणि कापलं म्हणून सांगितलं. सुप्रियाच्या डोक्यातून जाळ निघाला. सकाळपासून ती दुसरं माप घ्यायला एकेक झाड बघत वर चढली होती. ऐनाची झाडं, चांगली चाळीसेक, मांडीपेक्षा जाड. त्यातली बरीचशी कमरेएवढ्या उंचीवर छाटून टाकलेली. कुऱ्हाड बरोबर तिने घातलेल्या आकड्याच्या खाली चाललेली. जी उभी होती त्यांचे शेंडे गेलेले, नुसते सोटे राहिलेले. तिचा दोन वर्षांचा अभ्यास होता तो, आणि त्याचा राबासाठी ढीग रचून ठेवला होता.

ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी राब काय असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भांडण हवेत जाईल. भिवपुरीच्या पुढे जिथे सपाटी संपते आणि डोंगर सुरू होतो, तिथे किंजळवाडी आहे. गावची भातशेती खाली आणि वरकस, म्हणजे भात न होणारी जमीन, वर उतारावर. हिवाळ्यात वर जाऊन ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या तोडायच्या, त्यांना कवळ म्हणतात. ती वाळवून उन्हाळ्यात भाताचं रोप जिथे करायचं तिथे पसरायची, वर पातेरा म्हणजे वाळका पाला, शेण आणि माती घालायची, आणि पेटवून द्यायची. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने वर येतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. एका झाडाची कवळ एक वर्ष आड काढायची, दरवर्षी नाही. आणि झाड कितीही छाटलं तरी शेंडा राखायचा. शेंडा तोडणाऱ्याला गावात इतक्या शिव्या बसतात की पुढच्या वर्षी तो स्वतःच इतरांना शिकवायला उभा राहतो. ह्याच येसाजीकाकांनी लहानपणी सुप्रियाला ऐनाच्या फांदीवर बसवून सांगितलं होतं, हितपरेंत तुजं, ह्येच्या वर झाडाचं.

आणि त्यांनीच शेंडे तोडले होते.

सुप्रिया वनशास्त्र शिकायला गेली तेव्हा गावात कुणाला धड कळलं नव्हतं की पोरगी नक्की काय शिकते. झाडं शिकायला कॉलेज कशाला लागतं, झाडं तर इथेच आहेत, असं बुधाजी नावाचा शेजारी पारावर बसून म्हणायचा. आई सोनुबाई सांगायची, फारेस्टात मोठी सायबीण होनार हाय. सुप्रियाला सायबीण व्हायचं नव्हतं. तिला चार वर्षांच्या पदवीत माती, बी, रोपवाटिका, जंगलातले किडे, पाणलोट, सगळं आवडलं. एकच गोष्ट घशाखाली उतरली नाही, आणि ती पेडणेकर सरांच्या तासाला आली.

पेडणेकर सर जंगल व्यवस्थापन शिकवायचे. एक दिवस त्यांनी पडद्यावर फोटो लावला. कवळ काढलेला ऐन, अंगाखांद्याच्या फांद्या गेलेल्या, वर शेंड्याला पानांचा झुबका. "ही पाहा कत्तल," सर म्हणाले. "राबाच्या नावाखाली कोकणातले डोंगर असे उघडे पडले."

सुप्रिया उभी राहिली. "सर, ते झाड जिवंत आहे."

"कशावरून?"

"शेंडा राखलाय. असली झाडं आमच्या आजोबांनी छाटली, आम्ही पण छाटतो. मरत नाहीत."

वर्ग हसला. ठाण्यापुण्याकडची पोरं होती, त्यांना आजोबा हा पुरावा म्हणजे गंमत वाटली. सर हसले नाहीत, पण म्हणाले ते जास्त झोंबलं. "कोळंबे, इथे आजोबा चालत नाहीत. मोजमाप घेऊन ये."

बरं, तिने घेतलं मनावर. एमएस्सीला गेल्यावर तिने तोच विषय मागितला. राबासाठी छाटलेल्या ऐनाची वाढ किती होते आणि न छाटलेल्याची किती. पहिल्या हिवाळ्यात छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, दुसऱ्या हिवाळ्यात त्याच झाडाचा पुन्हा मोजायचा, मधला फरक म्हणजे वाढ. साधं गणित आहे. पण तिच्यासाठी ते नुसतं गणित नव्हतं. पेडणेकर सर त्या डोंगररांगेचा व्यवस्थापन आराखडा करणाऱ्या मंडळात होते आणि आराखड्यात एक कलम येऊ घातलं होतं: उताराला कुंपण, आत नवी लागवड, कवळतोड कायमची बंद. अर्धा उतार मालकीचा, अर्धा सरकारी, आणि हद्दीवर भांडायला गावाकडे कुणी वकील नव्हता. कवळ बंद म्हणजे राब बंद. राब नाही तर रोप खताच्या गोणीवर आणि तणनाशकाच्या बाटलीवर. ते कलम अडवायला गावाच्या बाजूने फक्त सुप्रियाच्या टेपची मापं होती, आणि गावाला ह्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

नव्हतं, कारण बाईसाहेबांनी सांगितलंच नव्हतं. आधी मापं येऊ देत, मग सांगू, असा तिचा विचार. आपण गावासाठी एवढं करतोय ह्याचं तिला मनातून कौतुकही होतं, खोटं कशाला बोला.

पहिल्या वर्षी तिने झाडांना पत्र्याच्या चकत्या ठोकल्या होत्या. पावसाळा गेल्यावर बघते तर निम्म्या गायब. काही साल फुगून आत गिळल्या गेल्या, काही गुरांनी अंग घासून पाडल्या. तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "पुस्तकात दिलंय ते कर. रंगाने क्रमांक टाक." त्यांचं चुकलं असंही नाही. जगभर जंगलात झाडं मोजतात ती रंगानेच. तिचा मामा चौकला हायवेवर ट्रकचं गॅरेज चालवतो, तिथे रंगाचा उरलेला डबा मिळाला. ट्रकच्या पाटीचा लाल ऑईलपेंट. फुकट मिळाला म्हणून लाल. पिवळा मिळाला असता तर कदाचित ही गोष्ट घडलीच नसती.

नोव्हेंबरात गाव भाताच्या झोडणीच्या गडबडीत असताना ती आणि तिची वर्गमैत्रीण रिया उतारावर गेल्या. रिया पुण्याची, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, पायात जाड बूट. दोघींनी दिवसभर ब्रशने आकडे घातले, एक, दोन, तीन, छातीएवढ्या उंचीवर, लालभडक. दुपारी येसाजीकाका पेंढ्याचा भारा घेऊन खालच्या पायवाटेने चालले होते. ते थांबले. खूप वेळ बघत राहिले.

"काय चाललंय गं?"

"कॉलेजचं काम हाय काका," सुप्रिया वरून ओरडली.

"बरं," काका म्हणाले आणि गेले.

संपलं. एवढंच बोलणं झालं. खाली उतरून दोन मिनिटं काकांशेजारी उभी राहिली असती तर काही बिघडलं असतं का? पण रंग वाळत होता, उजेड कमी होत होता, रियाला गाडी पकडायची होती. शिकलेल्या माणसाला नेहमी कुठली तरी गाडी पकडायची असते. घरी आईला मात्र तिने बजावलं, झाडांवर नंबर टाकलेत, कुणी हात लावू नका. आईने ते ऐकलं आणि आपल्या कामाला लागली.

आता ह्यातली खरी मेख ऐका. लाल आकडा म्हणजे काय, हे किंजळवाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सुप्रिया आठेक वर्षांची असताना शेजारचा अख्खा उतार मुंबईच्या एका पार्टीला विकला गेला. आधी दोन माणसं आली, झाडांवर लाल आकडे घालत फिरली. लोकांनी विचारलं तर म्हणाले, सर्व्हेचं काम हाय. चार दिवसांनी कटर आले, मागून ट्रक आले, आणि हद्दीच्या अलीकडची गावाची झाडंही त्याच सपाट्यात गेली, कारण आकडा त्यांच्यावरही पडला होता. गाव धावत गेलं तेव्हा ठेकेदाराने नंबर दाखवला. नंबर हाय ना, मग माजं हाय. तिथे आज एक फार्महाऊस आहे, निळ्या पाण्याचा तलाव आहे, आणि फाटकावर निसर्गाच्या कुशीत अशी पाटी आहे. त्या दिवशी गेलेल्या आवडत्या जांभळाच्या झाडासाठी सुप्रिया दोन दिवस जेवली नव्हती. हे सगळं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. पाचेक वर्षं कॉलेजात काढल्यावर तिच्या हातात ब्रश आला आणि तिला त्यातलं काही, काही म्हणजे काही आठवलं नाही.

तर ओट्याशी उभं राहून हे सगळं बाहेर आलं ते असं.

"काका, राबाला कवळ काढतात, झाड कापत नाय. तुमीच शिकवलंत ना मला? शेंडा राखायचा म्हनून?"

"राखायचा. झाड आपलं असंल तवर." काका आता वळले. "लाल नंबर पडला म्हंजी झाड गेलं. कटर येनार, ट्रक येनार. आमी इचार केला, जायाचंच हाय तर निदान राबाला तरी जाऊं दे. शेंडा कोनासाठी राखू? ठेकेदारासाठी?"

"ठेकेदार कुठला? नंबर मी टाकले. तुमी सोता बघितलंत मला. बोललात माझ्याशी."

"बघितलं म्हनून तर तोडली."

सुप्रियाला कळेना हे काय ऐकतोय आपण.

"परका मानूस असता तर इचारलं असतं, आडवं झालो असतो," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानेच तिला जास्त राग येत होता. "घरचं मानूस रंग लावतंय म्हंजी सगळं ठरूनच आलंय. तो उतार इकला तवा रंगवाल्याच्या बरोबर कोन फिरत व्हता, ठाव हाय का तुला? आपल्याच गावचा पोरगा. तुज्यासारकाच शिकल्याला. त्यानंच हद्दी दावल्या. तुज्या बरोबर ती टोपीवाली बाई, हातात लाल डबा. आनि तू वरनं सांगतीस, कॉलेजचं काम हाय. त्ये बी तसंच म्हनले व्हते, सर्व्हेचं काम हाय."

"मला इकायचं असतं तर मी... दोन वर्सं मरतेय मी. ह्या डोंगराला कुंपन पडू नये म्हनून. राब बंद होऊ नये म्हनून. कोनासाठी? माज्यासाठी? मला कवळीनं काय करायचंय? तुमच्यासाठी करतेय आनि तुमीच कुऱ्हाड घातलीत."

"कुंपन?" काका म्हणाले. "कसलं कुंपन?"

मग तिने सांगितलं. आराखडा, कलम, लागवड, सगळं. जे दोन वर्षांपूर्वी ह्याच अंगणात बसून सांगायला हवं होतं ते तिने तोडलेल्या झाडांच्या दिवशी, ओरडून सांगितलं. येसाजीकाका मटकन ओट्यावर बसले. मग तेही भडकले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून सोनुबाई पदराला हात पुसत आली आणि दोघांना फटकारलं. "एकाच रगताची हाव तुमी. तोंड उघडायचं तवा मिठाची गुळनी धरायची, आनि समदं जळल्यावर बोंबलायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रिया कॉलेजला परत गेली तेव्हा काका अंगणात नव्हते.

पेडणेकर सरांना तिने फोटो दाखवले. सरांचा चेहरा खरोखर पडला. हा माणूस वाईट नव्हता, तीच तर डोकं फिरवणारी गोष्ट होती. झाडावर जीव होता त्यांचा. तरुणपणी त्यांनी वणवे विझवताना हात भाजून घेतले होते. कुणी उगाच फांदी मोडली तरी त्यांना बघवायचं नाही. पण माणसं दिसली की त्यांना फक्त कुऱ्हाड दिसायची.

"वाईट झालं," सर म्हणाले. "पण कोळंबे, तुझा अभ्यास वाया गेलेला नाही. उलट आता निष्कर्ष स्पष्ट आहे. लिही. स्थानिकांच्या अनियंत्रित तोडीमुळे अभ्यासक्षेत्रातील बहुतांश वृक्ष नष्ट झाले. फोटो जोड. हा प्रबंध आपण आराखड्याला पुरावा म्हणून लावू."

"सर, त्यांनी का तोडली ते मी सांगितलं तुम्हाला."

"का तोडली हे तुझं अनुमान. तुटली हे निरीक्षण."

"रंग मी लावला हेही निरीक्षणच आहे."

"क्रमांक घालणं ही प्रमाण पद्धत आहे," सर म्हणाले. "पद्धतीचा दोष नाही. ज्यांना क्रमांक दिसताच कुऱ्हाड सुचते त्यांच्या हातात डोंगर ठेवायचा का, हाच प्रश्न आहे. तू त्या गावची आहेस म्हणून तुला दिसत नाही."

ती दाराबाहेर येऊन जिन्यात बसली. दुसरं कुणी असतं तर थेट नाही म्हणालं असतं, असं आपण बाहेर बसून म्हणू शकतो. पण प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते, सहीशिवाय तोंडी परीक्षा नाही, परीक्षेशिवाय पदवी नाही. शिवाय काकांवरचा राग अजून उतरला नव्हता. तोडली ना तुम्ही, मग भोगा, असंही तिच्या मनात येऊन गेलं, एकदा नाही, अनेकदा. तिने सरांचं वाक्य टाइप केलं. सही झाली. बाइंडिंग करून आणलं तेव्हा रिया म्हणाली, छान दिसतंय गं, आणि सुप्रियाने तिच्यावर विनाकारण खेकसून घेतलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या, विदर्भातल्या, जंगलात हयात गेलेल्या, आवाज खर्जातला. सभागृहात विभागाचे सगळे प्राध्यापक, मागे विद्यार्थी. सुप्रियाने पडद्यावर सगळं दाखवलं. बाई ऐकत होत्या. शेवटच्या फोटोवर त्यांनी थांबायला सांगितलं. सोटा उभा, खाली लाल आकडा.

"बेटा, ही झाडं कुणी तोडली?"

प्रबंधात उत्तर छापलेलं होतं. पेडणेकर सर पुढच्या रांगेत बसून मान हलवत होते, म्हणजे बोल, येतंय तुला. सुप्रियाने तो फोटो पाहिला. आकडा बावीस. तिच्याच हाताचा, तिच्याच वळणाचा. आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"कुऱ्हाड माझ्या चुलत्यांनी घातली," ती म्हणाली. "घालायला लावली मी."

सभागृहात चुळबुळ झाली. बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"आमच्याकडे झाडावर लाल आकडा फक्त ठेकेदार घालतो. आकडा पडलेलं झाड पुन्हा कुणाचं राहत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी कुणालाही न विचारता चाळीस झाडांवर लाल आकडे घातले. ही झाडं गावातल्या घरांची होती. माझी नव्हती, कॉलेजची नव्हती. मी आकडे घातले नसते तर झाडं आज उभी असती, शेंड्यासकट. प्रबंधात अनियंत्रित तोड लिहिलंय ते खोटं आहे. ह्या मापांवरून राब वाईट असं सिद्ध होत नाही आणि चांगला असंही होत नाही. सिद्ध एवढंच होतं की मोजणाऱ्याने झाडं घालवली. आणि हे कुठल्या आराखड्याला जोडणार असाल तर त्याच्यावर माझं नाव घालू नका."

पेडणेकर सर उठून उभे राहिले. "कोळंबे, तू काय बोलतेस ह्याची तुला कल्पना आहे का?"

"आहे सर. उशिरा आली."

बाईंनी हात वर करून सरांना खाली बसायला सांगितलं. मग त्यांनी जे केलं ते योग्य होतं आणि म्हणूनच कठोर होतं. मापं ग्राह्य नाहीत, प्रबंध परत, नव्या झाडांवर पुन्हा दोन हिवाळे. शाबासकी वगैरे काही दिली नाही. जाताना फक्त म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी विचार.

जिन्यात सरांनी तिला गाठलं. "माझी सही तू खोटी पाडलीस."

"सही तुमची, वाक्यही तुमचंच होतं सर," ती म्हणाली. "टाइप तेवढं मी केलं, त्याची लाज मला आहे." त्यानंतर पुढचे किती तरी महिने सर तिच्याशी कामापुरतंच बोलत. पण प्रबंध आराखड्याला लागला नाही, आणि पुराव्याशिवाय ते कलम मंडळात अडकून पडलं. त्या वर्षी उताराला कुंपण पडलं नाही. तोडलेल्या ऐनांपैकी बऱ्याच बुंध्यांना पावसात धुमारे फुटले. ऐन चिवट असतो. पण कवळ काढण्याजोगं झाड व्हायला त्यांना आता दहाएक वर्षं लागतील, आणि तोवर निम्म्या घरांना राबासाठी वरच्या अवघड कड्यापर्यंत चढावं लागणार होतं. त्याबद्दल गावाने तिला माफ केलं असं समजू नका. बायका तोंडावर म्हणायच्या, आली गं रंगवाली.

पुढच्या नोव्हेंबरात ती आणि रिया पुन्हा आल्या. ह्या वेळी डोंगरावर नंतर, आधी घरोघर. प्रत्येक ओट्यावर बसून सुप्रिया सगळं पहिल्यापासून सांगायची. काय मोजायचंय, कशासाठी, कुणाला दाखवणार, आणि कुठली झाडं. बुधाजीने तासभर उलटतपासणी घेतली आणि मग म्हणाला, माजी घे, पन रंग नको, सुतळी बांध. पलीकडच्या घरातल्या गंगाबाईने विचारलं, मोजलं तर झाडाला काय व्हतं का? काही होत नाही म्हटल्यावर तिनेही दिली. असं करत करत चांगली झाडं जमली. मग ती येसाजीकाकांच्या अंगणात आली. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बुंध्यातून न तोडलेली सगळ्यात चांगली झाडं काकांचीच उरली होती, खालच्या अंगाला, सरळसोट.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. काकूने चहा आणून ठेवला.

"झालं सांगून?" काका म्हणाले.

"झालं."

"नाय."

"काय नाय?"

"माजी झाडं देनार नाय. मोजायची नाय, सुतळी बांधायची नाय."

सुप्रियाने स्वतःला आवरलं. "काका, तुमची झाडं नसली तर माजा अभ्यास लंगडा व्हईल. का नाय म्हनताय ते तरी सांगा."

"तू इचारलंस ना? मग मी सांगितलं. का म्हनून सांगायचं?"

"मी सगळ्यांसमोर उभी ऱ्हाऊन तुमची बाजू घेतली. माजी दोन वर्सं गेली तुमच्यापायी."

"त्ये बी मला इचारून नव्हतं केलंस," काका म्हणाले आणि चहाची बशी उचलली.

तिच्या तोंडात आलेलं सगळं तिने गिळलं, आणि ते काही थोडं नव्हतं. हट्टी म्हातारा. कृतघ्न, अडेलतट्टू माणूस. उपकाराची जाण नाही, काळाची जाण नाही. झाडाच्या मालकाच्या ज्या हक्कासाठी आपण पदवी लांबवली तो हक्क हा गृहस्थ बरोबर आपल्याच डोक्यात घालतोय, आणि घालताना त्याला गंमतसुद्धा वाटत नाही. चहा तसाच ठेवून ती उठली आणि चपला पायात सरकवत अंगणाबाहेर पडली.

फाटकाशी रियाने हळूच विचारलं, "मग काय करायचं? खालच्या पायवाटेवरून तर दिसतातच ती झाडं. ते दुपारी शेतावर असतात. नुसता घेर घ्यायला किती वेळ लागतो?"

सुप्रिया गर्रकन वळली. एवढ्या रागाने ती काकांशीही बोलली नव्हती.

"नाही म्हणाले ना ते? मग त्यांच्या झाडाला बोटसुद्धा लावायचं नाही. टेप बंद कर आणि वरच्या वाटेने चल."